बाबांनी काशीत काय सोडलं

मी सोळा वर्षांची होते तेव्हा माझ्याबद्दल सगळ्यात जास्त माहिती कुणाला असायची, तर साताऱ्याच्या एखाद्या काकूंना. अशाच एका काकूंना मी जन्मात पहिल्यांदा सकाळी पाहिलं आणि दुपारी पंगतीत त्यांनी मला विचारलं, "काय गं, फिजिक्सचं जमतंय का आता? आणि बाई, लहानसहान गोष्टींवरून रडत नको जाऊस. त्यानं तोंडावर आणखी पुटकुळ्या येतात." मी आमटीचं भांडं घेऊन त्यांच्या पानासमोर उभी होते. त्यांना मी आमटीतल्या फोडीच घातल्या नाहीत, नुसतं वरचं पाणी वाढलं. तेवढाच सूड माझ्या हातात होता.

हे सगळं बाबांचं काम. बाबा बनारसमधले मराठी गुरुजी. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या लोकांचं गंगापूजन, श्राद्ध वगैरे ते सांगतात. या लोकांना आमच्याकडे यजमान म्हणतात. घाटावरचं आटोपलं की यजमान आमच्याच घरी जेवतात, आणि जेवताना बाबा त्यांच्याशी बोलतात. विषय एकच. मी. घाटावर बाबा पितरांबद्दल बोलत आणि घरी माझ्याबद्दल, आणि दोन्हीकडे आवाज तोच, गंभीर. "मुलगी अकरावीला आहे. बुद्धी आहे, पण लक्ष नाही. हल्ली घरात तोंड उघडत नाही." मग बीडच्या काकांपासून चिपळूणच्या मावशींपर्यंत सगळे मला सल्ले देत. कुणी सांगे पहाटे उठ, कुणी सांगे भिजवलेले बदाम खा. एकानं तर लग्नाचं बघू नका इतक्यात, असंही सांगितलं. बघतंय कोण, मी अकरावीत.

बरं, हेच बाबा माझ्याशी काय बोलायचे? "जेवलीस का?" आणि "पंखा बंद कर." थंडीत पंख्याचाही प्रश्न नसायचा, त्यामुळे निम्माच संवाद.

मला राग फार पटकन येतो. तो आईकडून आलाय असं बाबा म्हणतात, बाबांकडून आलाय असं आई म्हणते, आणि दोघंही हे यजमानांसमोर म्हणायची. आई शाळेत गणित शिकवते. तिची तऱ्हा वेगळी. ती माझ्याबद्दल एरवी कुणाशी बोलत नसे, ती थेट खोलीत येई. माझ्या खोलीला दार नाही, पडदा आहे. आई तो एका हातानं सारून आत आलेली असे आणि मग विचारी, "काय करतेयस?" मी काय करतेय ते तिला दिसत असे. तरी विचारायचं. फोन हातात असला तर कुणाचा, पुस्तक असलं तर कुठलं, काहीच नसलं तर "नुसती का बसलीयस?" ज्यांच्या घरात पंधरा-सोळा वर्षांचं पोर आहे त्या आईबापांना मी खात्रीनं सांगते की नुसतं बसणं हेही काम असतं आणि ते मध्येच तोडलं तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

आता एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. काशीला आलेल्या माणसानं आपली एखादी आवडती गोष्ट इथं सोडायची असते, कायमची. कुणी फळ सोडतं, कुणी भाजी. हातात पाणी घेऊन संकल्प करायचा, पाणी गंगेत सोडायचं, की मग ती गोष्ट पुन्हा तोंडात घालायची नाही. बाबा प्रत्येकाला बजावतात, "आवडती हं. नावडती नव्हे. गंगेला फसवता येत नाही." आणि प्रत्येक जण गंगेला फसवतो. एका काकांनी दोडका सोडला, तर त्यांच्या बायकोनं गुडघाभर पाण्यात उभं राहून सांगितलं की या माणसानं लग्नापासून दोडका चाखलेला नाही. एका काकूंनी मोठ्या मनानं राग सोडला. दशाश्वमेधला सोडला, आणि नाववाल्यानं पुढं सरकून बसायला सांगितल्यावर राजा घाट यायच्या आत परत उचलला. मी लहानपणापासून बाबांबरोबर घाटावर जात असल्यामुळे हा तमाशा पाहतच मोठी झाले.

त्या हिवाळ्यात सांगलीकडचे यजमान आले होते. त्यांच्यात एक आजी होत्या, लाल माकडटोपी घातलेल्या. अंगात काटकपणा भरपूर, आवाज सगळ्या घाटाला ऐकू जाईलसा. या आजींनी पेरू सोडला. आणि खरोखर आवडता. थंडीत आमच्याकडे अलाहाबादचे लाल पेरू येतात, ते आजी दोन दिवस खातच होत्या. संकल्प करताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं सोडणारं माणूस पाहिलं."

दुपारी पंगत बसली. त्याच आठवड्यात माझे सहामाहीचे मार्क कळले होते. बाबांनी पहिल्याच घासाला सुरुवात केली, "एवढी हुशार पोर, पण फिजिक्सला भोपळा आणला." पंगत चुकचुकली. एक मामा म्हणाले, "क्लास लावा." एक ताई म्हणाल्या, "फोन काढून घ्या."

राग आला की माझं मराठी संपतं आणि हिंदी सुरू होतं. अरे यार, बस करिए, असं काहीतरी मी बोलून मोकळी होते. त्या दिवशी मात्र मराठी संपलं नाही. मी कोशिंबिरीचं भांडं खाली ठेवलं आणि म्हटलं, "बाबा, तुम्ही रोज लोकांना काशीत आवडती गोष्ट सोडायला लावता. तुम्ही तर जन्मापासून काशीत आहात. तुम्ही काय सोडलंत?"

पंगतीचे हात थांबले. बाबा म्हणाले, "आपण इथलेच. इथल्यांना तो नियम नाही."

"कुठं लिहिलंय?" हे मी नाही, माकडटोपीवाल्या आजी.

"बघावं लागेल," बाबा म्हणाले.

"बघा की. तोवर मीही पेरू खाते."

आजींसमोर बाबांचं काही चालेना. बाबांच्या जागी दुसरा कुणी असता तर एखादा श्लोक फेकून मोकळा झाला असता. पण बाबांना श्लोक फेकता येत नाहीत, त्यांना ते खरेच वाटतात. ते भात कालवता कालवता म्हणाले, "बरं. काय सोडू?"

मी वाटच पाहत होते. "माझ्याबद्दल यजमानांशी बोलणं."

आजींनी चौकशी केली, "आवडतं आहे का पण ते तुमचं?"

आतून आईचा आवाज आला, "जीव आहे त्यांचा त्यात." आणि ती हसली. तिनं हसायला नको होतं. मी लगेच म्हटलं, "आईनं पण सोडायचं. न विचारता माझ्या खोलीत येणं."

"अगं, पडदा आहे तो. पडद्याला काय विचारायचं?"

"मला विचारायचं."

सगळ्या पंगतीनं माना डोलावल्या. दुसऱ्यांना काही सोडायला लावायची संधी यात्रेकरूंना कुठं मिळते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी होती, तरी सगळे आधी घाटावर हजर. धुकं इतकं होतं की पलीकडचा काठ सोडाच, नावसुद्धा दिसत नव्हती. आई स्वेटरवर शाल घेऊन, खांद्याला शाळेची पिशवी लावून आली होती, कारण तिथूनच तिला शाळेत जायचं होतं. बाबांनी आईचा संकल्प सांगितला आणि मग स्वतःचा. दुसरा गुरुजी बोलवायला वेळ नव्हता, म्हणून ते स्वतःच "नाव सांगा, गोत्र सांगा" म्हणाले आणि स्वतःच उत्तर दिलं. मग हातातलं पाणी सोडलं. आजी पायरीवरून म्हणाल्या, "झालं. मी साक्षीदार."

दुसऱ्या कुठल्या घरात असला शब्द फार तर आठवडाभर टिकला असता. पण आमच्या घरची चूल लोकांच्या संकल्पांवर पेटते. स्वतःचा संकल्प बाबांनीच मोडायचा म्हणजे दुकानदारानं स्वतःच्याच तराजूत खोट काढण्यासारखं. माझ्या हे लक्षात आलं नव्हतं असं नाही. त्याच भरवशावर तर मी मागणी केली होती.

पहिले काही दिवस मी राणी होते. यजमान विचारत, "मुलगी कितवीला?" बाबा म्हणत, "तिलाच विचारा." आणि मग तोंडात मोठा घास भरत, म्हणजे चुकून काही निघायला नको. त्यांचे हाल बघवत नव्हते. एकदा त्यांनी नाशिकच्या यजमानांना सांगायला सुरुवात केली, "आमच्या ओळखीत एक मुलगी आहे. बुद्धीची आहे, पण फिजिक्स..." मी ताकाचा ग्लास त्यांच्यासमोर जरा जोरातच ठेवला. बाबांनी ओळखीतली मुलगीही सोडली. मग ते छतावर येणाऱ्या माकडांबद्दल बोलू लागले. माकडांबद्दल त्यांना तेवढं बोलता येत नाही, दोन मिनिटांत विषय आटपायचा आणि सगळे मुकाट्यानं भात खायचे.

आईनं तर आणखी वरची तऱ्हा काढली. दार नसल्यामुळे ठोठावणार काय? ती पडद्याबाहेर उभी राहून उलथनं भिंतीवर आपटायची. टण् टण् टण्. "येऊ का?" मी "नको" म्हटलं की बाहेरूनच, "काय करतेयस?" पहिल्यापेक्षा हे वाईट होतं, कारण तेव्हा निदान उलथनं नव्हतं. शेजारच्या घरातल्या ताई एकदा आईला म्हणाल्या, "आप लोग कोई नया पाठ करवा रहे हैं क्या? दिन भर घंटी बजती है."

मग बारावी आली आणि मला माझं गणित चुकलेलं कळलं.

मला पुण्याला जाऊन कापडाचं डिझाइन शिकायचं होतं. सूत, विणकाम, रंग, सगळं. आई म्हणाली, "सगळं जग साड्या बघायला बनारसला येतं आणि आमची पोर साड्या शिकायला पुण्याला जाणार." पण तिला पटायला लागलं होतं, तिनं कॉलेजची फी, हॉस्टेल, सगळं स्वतःच शोधून काढलं. प्रश्न बाबांचा होता. त्यांना मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बघू."

बाबांच्या "बघू"चा अर्थ काहीही असू शकतो. पूर्वी मला त्याची चिंता नसायची. बाबा "बघू" म्हणत आणि दुसऱ्या दिवशी एखाद्या मावशी वाढून घेता घेता सांगत, "तुझे बाबा म्हणत होते, सहलीला पाठवायला हरकत नाही, पण थंडीचं वाटतं." म्हणजे हो, स्वेटर घेऊन. बाबांच्या मनातलं मला सगळं असंच कळत आलं होतं, भांडं हातात घेऊन, परक्या बायकांच्या तोंडून. आता ते बंद. मीच बंद केलेलं. मी अक्षरशः यजमानांच्या मागे लागले. "बाबा काही म्हणाले का हो माझ्याबद्दल?" "नाही गं बाई. फार अबोल आहेत तुझे बाबा." अबोल म्हणे.

मुलाखतीला मी आईबरोबर पुण्याला जाऊन आले. स्टेशनवर सोडायला आलेले बाबा म्हणाले, "जेवणाचा डबा वर ठेव." परत आल्यावर म्हणाले, "जेवलीस का?" जून उजाडला, लूचा तापलेला वारा दिवसभर वाहत होता आणि एका दुपारी फोनवर निकाल आला. मला प्रवेश मिळाला होता. फी भरायची मुदत त्याच आठवड्यात होती. आणि बाबांचं अजून "बघू"च.

त्या दिवशी घरात पंगत होती. आणि पंगतीत कोण, तर सांगलीच्या आजी. आता माकडटोपीच्या जागी डोक्यावर ओला पंचा होता. सुट्टीत नातवंडं आणि सुना घेऊन त्या पुन्हा आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी बाबांना विचारलं, "काय गुरुजी, पाळताय ना? मी अजून पेरू खाल्लेला नाही." बाबांनी मान हलवली. असा थकलेला माणूस मी कमी पाहिला.

निकाल वाचून मी स्वयंपाकघरात आईला सांगितलं. बाबा तिथंच तुपाचं भांडं घ्यायला आले होते, त्यांनी ऐकलं. त्यांचा चेहरा असा झाला की आता पोटात काहीतरी फुटणार. बाहेर वीस माणसं पानावर बसलेली, मराठी कळणारी, जेवायला वेळ असलेली, आणि बाबांना तोंड उघडायची बंदी. ते मला म्हणाले, "जा. तू सांग."

"काय सांगू?"

"सगळं सांग. जा."

मी बाहेर जाऊन म्हटलं, "मला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला." आणि थांबले. स्वतःबद्दल आणखी काय बोलतात? माझ्या मागोमाग आलेले बाबा बाजूला उभे राहून तुपाची पळी हवेत फिरवत होते. आणखी, आणखी. मी म्हटलं, "कापडाच्या डिझाइनला." पळी आणखी जोरात. मी म्हटलं, "मुलाखत होती." तूप माझ्या ओढणीवर पडलं. आई स्वयंपाकघराच्या दारात कपाळाला हात लावून उभी होती.

आजी म्हणाल्या, "छान झालं. आणि गुरुजी, तुमची परवानगी आहे ना पोरीला?"

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. मी पाहिलं नाही, माझी हिंमत झाली नाही. मी जमिनीवरच्या फरशीकडे बघत उभी राहिले. नाही म्हणाले असते तर मी काय केलं असतं, मला अजूनही माहीत नाही. रडले असते, भांडले असते, आणि राहिले असते बहुतेक.

बाबांनी पळी भांड्यात टाकली. "मला तिच्याबद्दल बोलता येत नाही," ते म्हणाले.

"खरंच की," आजी म्हणाल्या. "मीच साक्षीदार. मग आता?"

बाबांनी तुपाचं भांडं खाली ठेवलं. पंगतीकडे पाठ केली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"तू," ते म्हणाले. "तू चार वर्षांची असताना चौकात साड्यांच्या दुकानात हरवली होतीस. आईची साडी घ्यायला गेलो होतो. सगळी गली पालथी घातली. आणि तू दुकानातच, गठ्ठ्यांच्या मागे, एका पदराचे दोरे उसवत बसली होतीस. दुकानदार ओरडला, तर तू त्याला म्हणालीस, आतून कसं केलंय ते बघतेय. मला तेव्हापासून माहीत आहे. शंभर यजमानांना सांगितलं असेल मी हे. तुला सांगायचं राहिलं."

यजमानांनी माझ्यापर्यंत फिजिक्स पोचवलं होतं, पुटकुळ्या पोचवल्या होत्या, बदाम पोचवले होते. हे मात्र एकानंही पोचवलं नव्हतं.

"जा तू पुण्याला," बाबा म्हणाले. "फी उद्या भरू. फिजिक्स कच्चं राहिलं ते बरंच झालं. तुला थंडी सोसत नाही, पण तिकडं इथल्यासारखी नसते. आणि तू गेलीस की मला या घरात करमणार नाही. हेही तुलाच सांगतो. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय तू ठेवली नाहीस."

मी तिथंच रडले, वीस माणसांसमोर. बाबांनी तुपाचं भांडं उचललं आणि भातावर वाढायला सुरुवात केली, सगळ्यांना जरा जास्तच. आजींनी पंच्याच्या टोकानं डोळे पुसले आणि सुनेला म्हणाल्या, "बघ. पेरू काहीच नाही याच्यापुढं."

आता मी पुण्यात असते. माझ्या खोलीतल्या मुलीला बाबांचा गुडघा कसा दुखतो, त्यांना कचौडी पचत नाही तरी ते रोज खातात, कूलरमध्ये पाणी भरताना कसे भिजतात, सगळं ठाऊक आहे. मेसमध्ये नव्या मुली आल्या की त्यांनाही मी सांगते. बाबांना न विचारता. तुम्हालाही आत्ता सांगितलंच.

बाबा रोज संध्याकाळी आरतीच्या आधी फोन करतात. अजूनही पहिला प्रश्न "जेवलीस का" हाच असतो, संध्याकाळी सहाला. पण मग ते बोलत राहतात. परवा त्यांनी आईची चुगली केली. म्हणाले, तुझी आई तुझ्या खोलीत झाडायला जाते ना, तर आधी पडद्याबाहेर उभी राहून उलथनं वाजवते. टण् टण् टण्. थोडा वेळ थांबते आणि मगच आत जाते.